कोणतं हिरवं? शेततळ्यातल्या शिंपल्यांच्या प्रकल्प नोंदी

२ एप्रिल

भडगाव तालुका (जळगाव जिल्हा), गिरणाकाठ. जिभाऊंचं शेततळं तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. काठोकाठ भरलं की वीस लाख लिटरच्या वर पाणी मावतं. एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला लिंबू. तळं मुळात केळीला उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून खोदलेलं. आता त्यात मोत्यांसाठी गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. जात लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, म्हणजे आपल्या नदी-तलावांत सापडतो तोच काळपट लांबोडका शिंपला. नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत दोन-दोन, पीव्हीसी पाइपांच्या तराफ्याला मीटरभर खोलीवर टांगलेले. आत साचे बसवलेत, बहुतेक गणपतीचे. मोती पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

माझ्याकडे काम एकच: पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर नजर ठेवायची. कोकणात कालवं-तिसऱ्या खाल्ल्या जातात, तिथे हा विषय लोकांना समजावून सांगावा लागत नाही. इथे शिंपला कुणी खाण्यासाठी पाळलेला नाही, त्यामुळे प्रकल्पाच्या गटातल्या बऱ्याच जणांना हे काम फालतू वाटतं. जिभाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, पानी हिरवं शे म्हंजे चांगलंच शे ना?"

हो, पण कोणतं हिरवं ते बघायला लागेल. त्यासाठीच ही वही.

नमुन्याच्या जागा ठरवल्या: चार कोपरे आणि तराफ्याची मधली जागा. प्रत्येक ठिकाणी दोन नमुने, एक वरचं पाणी आणि एक पिशव्यांच्या खोलीवरचं. खालच्या पाण्यासाठी बाटलीला वजन बांधलं, बुचाला वेगळी दोरी. बाटली मीटरभर खाली गेली की बुचाची दोरी ओढायची. दुकानातला सॅम्पलर आपल्या बजेटबाहेरचा.

९ एप्रिल

पहिली पूर्ण फेरी. सेकी तबकडी (पाणी किती खोलवर पारदर्शक आहे ते मोजायची, वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांची) ३६ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. सामू (पीएच) सकाळी ७.९.

सूक्ष्मदर्शकाखाली सीनडेस्मस भरपूर, चार-चार पेशी शेजारी शेजारी चिकटलेल्या. पेडिअ‍ॅस्ट्रमच्या नक्षीदार चकत्या, क्लोरेला, नावेसारखे काही डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ), मधूनच एखादी युग्लीना. शिंपल्यासाठी हे पंगतीचं जेवण आहे. पाणी शेवाळी हिरवं दिसतं आणि तसंच असायला हवं.

बाटलीची चाचणीही लावली. काचेची पारदर्शक बाटली पाऊण भरायची, झाकण लावायचं, न हलवता रात्रभर ठेवायची. सकाळी हिरवं तळाशी बसलं तर ते बहुतेक साधं हिरवं शेवाळ. वर तरंगून पाण्याच्या कडेला हिरवं कडं धरलं, तर ते नीलहरित, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, असण्याचा संशय घ्यायचा. आपली बाटली तळाशी बसली. जिभाऊंना ही चाचणी फार आवडली, कारण तिला माझी गरज लागत नाही.

१७ एप्रिल

पारा चढलाय. दुपारी वरच्या पाण्याचं तापमान ३१ अंश. बाकी मागच्यासारखंच.

२४ एप्रिल

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला आमचा एक मित्र सध्या जळगावला असतो, तो आज तळ्यावर आला. समुद्रावर हे काम कसं चालतं ते त्याच्याकडून नीट ऐकून घेतलं. आपली पद्धत त्यावरूनच बेतायची आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

कालवं, शिंपले, तिसऱ्या ही मंडळी पाणी गाळून जगतात. पाण्यात अलेक्झांड्रियमसारखं विषारी शेवाळ आलं तर तेही गाळून पोटात घेतात. बहुतेक वेळा त्यांना स्वतःला काही होत नाही, पण त्या शेवाळाचं विष, सॅक्सिटॉक्सिन, मांसात साठत जातं. खाणाऱ्याचे ओठ अर्ध्या तासातच बधिर होऊ शकतात, जास्त झालं तर श्वास बंद पडतो. उकळून, तळून ते जात नाही. वास नाही, चव नाही. १९८१ साली तमिळनाडूत वायलूरला आणि १९९७ साली केरळात विळिंजमला असं झालेलं आहे. विळिंजमला सात जण दगावले, शेकडो आजारी पडले. कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर १९८७ साली शिंपल्यांतून डोमोइक आम्लाची बाधा झाली, ते विष स्यूडो-निट्झशिया नावाच्या डायटमचं. डायटम म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तेव्हापासून मोडली.

त्यामुळे देखरेख दोन पायऱ्यांची. आधी पाण्यातल्या पेशी मोजायच्या, तेही जातीवार, कारण डायनोफायसिससारखं शेवाळ लिटरमागे काही शेकडा पेशींना पोचलं तरी सावध व्हायला लागतं. त्यावेळी पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असतं. आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की मांस तपासायचं. सॅक्सिटॉक्सिनसाठी जगभर चालणारी मर्यादा किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम. ती ओलांडली की काढणी बंद, आणि मांस पुन्हा मर्यादेत येईपर्यंत बंदच.

यातलं अलेक्झांड्रियम, डायनोफायसिस खाऱ्या पाण्यातलं आहे, आपल्या तळ्यात ते येणार नाही. आपला गडी वेगळा: मायक्रोसिस्टिस, गोड्या पाण्यातलं नीलहरित. त्याचं विष मायक्रोसिस्टिन, ते यकृत धरतं. मात्र पाणी आधी, मांस नंतर आणि निर्णय आकड्यावर, ही शिस्त जशीच्या तशी उचलायला हरकत नाही.

३ मे

सेकी २२ सेंटिमीटर. दोन आठवड्यांत इतकी उतरली. पाण्याचा रंग शेवाळी राहिला नाही, निळसर झाक आली आहे. दुपारचा सामू ९.१.

बारीक जाळीने गाळून घेतलेल्या नमुन्यात मायक्रोसिस्टिसच्या वसाहती सापडल्या. नुसत्या डोळ्यांनीही बाटलीत बारीक कणी तरंगताना दिसते. भिंगाखाली वेडेवाकडे पुंजके, भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण, आत खच्चून भरलेल्या इवल्या गोल पेशी. प्रत्येक पेशीत काळपट ठिपके दिसतात, त्या हवेच्या पुटिका. त्यांच्याच जोरावर ही जात वर-खाली करते. लुगॉल आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) टाकल्यावर पेशींचा रंग तपकिरी होतो, पुटिका नीट ओळखू येत नाहीत, म्हणून एक बाटली नेहमी जिवंत ठेवायची आणि दुसरीत फिक्या चहासारखा रंग येईपर्यंत लुगॉल घालायचं. दोन्ही पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही.

बाटलीची चाचणी: सकाळी वर हिरवं कडं. जिभाऊंचा फोन माझ्या आधी आला.

५ मे

दिवसभर तळ्यावर थांबले. आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर.

सकाळी सहा. वारा पडलेला. अख्ख्या तळ्यावर पातळ साय, मधे मधे फाटलेली. वरच्या पाण्याच्या नमुन्यात वसाहती खचाखच, मीटरभर खाली त्यामानाने विरळ. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे वर ३.१, पिशव्यांच्या खोलीवर २.४ मिलिग्रॅम. रात्रभर सगळ्या शेवाळाने श्वास घेतला, त्याचा हिशेब पहाटे दिसतो.

सकाळी दहा. मे महिन्याचा पश्चिमेचा वारा सुटला. साय सरकत सरकत पूर्वेच्या काठाला लागली. पश्चिमेचे दोन्ही कोपरे जवळजवळ निवळ. इथे कुणी पश्चिमेच्या पायरीवरून बाटली भरून नेली असती तर अहवालात "प्रमाण अल्प" आलं असतं, आणि तो अहवाल खोटाही ठरला नसता. पूर्वेला हातमोजा मनगटापर्यंत बुडवून बाहेर काढला तर रबरावर हिरव्या रंगाची ओली रेघ उमटली. झटकून गेली नाही, पाण्याने धुवावी लागली. पश्चिमेला तोच हातमोजा कोराच निघाला.

दुपारी तीन. सामू ९.४. वरचं पाणी ३४ अंश, दीड मीटरवर ३०. वाऱ्याने पाणी ढवळलेलं, वसाहती आता पिशव्यांच्या खोलीवरही पोचलेल्या. म्हणजे शिंपल्याच्या तोंडाशी मायक्रोसिस्टिस सर्वांत जास्त येतं ते सकाळी नाही, दुपारनंतर. आपण आजवर सोयीचं म्हणून सकाळी एकदाच पाणी घेत होतो. यापुढे दोन वेळा: पहाटे ऑक्सिजनसाठी, दुपारी मोजणीसाठी.

मोजणीचं थोडं. वसाहतीतल्या पेशी एकमेकींच्या मागे दडलेल्या असतात, तशाच मोजल्या तर अंदाजपंचे. नमुन्यात थोडं कॉस्टिक पोटॅश घालून ८०-९० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बाटली ठेवली आणि जोरात हलवली की पुंजके सुटतात. मग सेजविक-राफ्टर पेटी (पेशी मोजायची काचेची चपटी पेटी), तिचे चौकोन, आणि मान मोडेपर्यंत मोजणं. पूर्वेच्या काठाचा आकडा मिलिलिटरला एक लाखाच्या कितीतरी पलीकडे. तराफ्याखालचा दुपारचा आकडा वीस हजारांच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने पोहण्याच्या पाण्यासाठी पूर्वी ज्या दोन पायऱ्या सुचवल्या होत्या त्या याच, वीस हजार आणि एक लाख. शिंपल्यासाठी म्हणून त्या नाहीत, पण हातात दुसरं काही नसताना त्याच धरल्या.

६ मे

बांधावर सभा भरली. शेजारचे लिंबूवाले तात्या मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पिशवी घेऊनच आले. "मोरचूद टाक ना भो, दोन दिनमा पानी साफ." बोर्डो मिश्रणासाठी ते सगळ्यांच्या घरी असतंच, आणि पाणी दोन दिवसांत साफ होतं हेही खरं.

पण दोन गोष्टी त्यात लपलेल्या. शेवाळाची पेशी जिवंत असते तोवर मायक्रोसिस्टिन बहुतेक पेशीच्या आतच असतं. मोरचुदाने पेशी फुटल्या की ते सगळं एकदम पाण्यात उतरतं, आणि वर मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढतं. दुसरं म्हणजे तांबं शिंपल्याला फार लागतं. गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात, आणि शिंपला त्यांचाच चुलत. तात्यांना हे दुसरं कारण चटकन पटलं. पहिलं पटलं नाही, पण पिशवी परत गेली.

८ मे

पिशव्या उचलून पाहिल्या. निरोगी शिंपल्याला बोट लागलं की झडप खटकन मिटते. आज पूर्वेकडच्या ओळीतले बरेच आधीपासूनच मिटून बसलेले, काही अर्धवट उघडे आणि बोट लावल्यावर सावकाश मिटणारे. काही मेलेले. पश्चिमेकडची ओळ बरी.

पिशव्यांच्या तळाशी हिरवट चिकट धागे लोंबत होते. थोडे काचपट्टीवर घेतले: आवरणात गुंडाळलेल्या अख्ख्या वसाहती, न पचलेल्या. शिंपला निवडून खाणारा प्राणी आहे. नको ते कल्ल्यांवर अडवून चिकटद्रवात बांधतो आणि पोटात न घेताच बाहेर ढकलतो. याला आभासी विष्ठा म्हणतात. दिवसभर हेच करत बसला तर खाणार कधी? मोत्याचे थर चढायला अंगात बळ हवं, ते इथे खर्ची पडतंय. आणि सगळं काही तो अडवू शकत नाही. जे पोटात जातं त्यातलं विष मुख्यतः पाचक ग्रंथीत साठतं.

मेलेले शिंपले बादलीत काढत होतो तेवढ्यात वहिनी आल्या. "हाई कोंबड्यासले टाकी देऊ का?" नदीतून आणलेला शिंपला फोडून कोंबड्यांना घालायचा ही इथली जुनी रीत, अंड्याचं कवच टणक होतं म्हणून. गाळणवाल्या प्राण्याचं विष माणसाच्या ताटात कसं येतं ते मित्राने सांगितलं तेव्हा मला समुद्रच दिसत होता. इथे वाट बादलीतून जाते. वहिनींना नाही म्हटलं, आणि नुसतं नाही म्हणून भागणार नाही म्हणून कारणही सांगितलं. बांधाच्या पलीकडे खड्डा खणून चुना टाकून पुरले. कवचं नंतर धुऊन वेगळी काढू, त्यांना काही होत नाही.

१४ मे

गेल्या आठवड्यातले उपाय, जसे केले तसे:

रोज पहाटे वारा सुटायच्या आत साय काढतो. कापडी झोळीने काढायला गेलो तर आरपार जाते, म्हणून पाइप उथळ धरून सायफनने थेट वरचं दोन बोटं पाणी ओढतो. ते पाणी केळीच्या मुळाशी न सोडता पडीक वावरात सोडतो. उन्हात वाळू दे.

पिशव्या खाली उतरवाव्यात असं मला वाटत होतं. मग पहाटेचा ऑक्सिजन दीड मीटरवर मोजला, १.८ आला. वर विष, खाली गुदमर. अखेर पूर्वेची अख्खी ओळ उचलून पश्चिमेला आणली, खोली तीच ठेवली, आणि रात्री दोन ते सूर्योदयापर्यंत मोटर लावून पाण्याचा फवारा. वीज रात्रीची मिळते तो पहिल्यांदाच फायदा झाला.

शेणाची स्लरी आणि सुपर फॉस्फेट बंद. यावर जिभाऊ नाराज, कारण प्रशिक्षणात त्यांना शेण, युरिया, सुपर फॉस्फेट यांचं प्रमाण पाठ करून घेतलेलं. पैसे भरून घेतलेल्या त्या दोन दिवसांत पाणी हिरवं करायला शिकवलं, हिरवं ओळखायला कुणी शिकवलं नाही. तलावात जे चालतं ते कागद घातलेल्या तळ्यात जसंच्या तसं चालत नाही. इथून पाणी झिरपत नाही, वाहत नाही, मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर उन्हात उडून जातं. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मात्र जागचं हलत नाही. त्यात ३४ अंशांचं थबकलेलं पाणी. मायक्रोसिस्टिसला याहून काय हवं?

तळ्याच्या पूर्वेच्या तिसऱ्या हिश्श्यावर शेडनेट ताणायचं ठरलं आहे. केळीच्या रोपांचं जुनं नेट पडून आहे.

२६ मे

मांसाच्या तपासणीसाठी धावपळ. फोन केलेल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना घेतात, मांसाचा नाही. दुसरीकडे घेतात, पण गोठवलेला आणि तोही चोवीस तासांत पोचवा म्हणतात. मे महिन्यात भडगावहून बर्फ घालून पार्सल! एसटीच्या डिकीत थर्माकोलची पेटी ठेवून मित्राने स्वतः नेली. पाचक ग्रंथी वेगळी, बाकी मांस वेगळं, अशा दोन पिशव्या. एलायझा (प्रतिपिंडं वापरून विष मोजायच्या) पद्धतीने करणार आहेत.

पाण्यासाठी निदान मापदंड तरी आहे. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरला १ मायक्रोग्रॅम, पोहण्या-बिहण्यासाठी २४. जिभाऊंनी रास्त प्रश्न विचारला: शेतावरचा सालदार याच तळ्याचं पाणी उकळून पितो, ते चालेल का? नाही चालणार. उकळून जंतू मरतात, हे विष मरत नाही. त्याच्यासाठी घरून विहिरीच्या पाण्याचा जार चालू केला.

१२ जून

पहिला चांगला पाऊस झाला. केळीच्या बागेतलं पाणी ठिबकच्या खतासकट तळ्यात उतरू नये म्हणून बांध आधीच उंच केला होता, तो टिकला. मात्र सांडव्यातून वरची साय ओढ्यात गेली. ओढ्याच्या खालच्या डबक्यावर मेंढपाळांचा कळप उतरलेला.

धावत जाऊन कळप वरच्या अंगाला नेला. मेंढपाळदादांना वाटलं, वावरात मेंढरं घातली म्हणून भांडायला आलोय. मग त्यांना ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली: १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस या माणसाने अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी साय प्यायलेली मेंढरं, घोडे, गुरं पटापट मेल्याचं लिहून ठेवलं. ती जात नोड्युलारिया, पण मरण्याची तऱ्हा हीच. जनावरं वाऱ्याच्या दिशेच्या काठावर, जिथे साय जमते तिथेच तोंड घालतात. मेंढरांची गोष्ट म्हटल्यावर त्यांनी कान देऊन ऐकली आणि उलट मलाच सांगितलं, की हिरव्या पाण्यावर जनावर नेऊच नये असं त्यांच्यात म्हातारे सांगायचे.

सांडव्याच्या तोंडाशी उलटी कोपरी (पाइपचा एल्बो) बसवली. आता जादा पाणी अर्धा मीटर खालून ओढलं जाईल, वरची साय आत राहील.

२८ जून

पाणी २८ अंश, ढगाळ, सेकी ३१. मायक्रोसिस्टिस आहे पण तुरळक. डायटम परतले, सीनडेस्मसही. कालव्याच्या नव्या आवर्तनाऐवजी पावसाचंच पाणी भरलं गेलं याचा फायदा झाला असावा. शिंपल्यांच्या झडपा खटकन मिटायला लागल्या आहेत. मेलेल्यांचा हिशेब गटाच्या वहीत वेगळा आहे, तो जिभाऊच ठेवतात.

९ जुलै

मांसाचा अहवाल आला. पाचक ग्रंथीत मायक्रोसिस्टिन मिळालं, बाकीच्या मांसात त्याहून बरंच कमी. नमुना एकच होता, त्यावर आलेख काढायला बसणार नाही. पण कोंबड्यांचा प्रश्न मिटला.

गटात ठरलं ते असं. मोती काढताना निघणारं मांस, ते दिवाळीत निघो की पुढच्या उन्हाळ्यात, आधीच्या दोन महिन्यांत तळ्यात साय आली असेल तर कोंबड्यांच्या दाण्यात किंवा कुणाच्याही ताटात जाणार नाही. साय नसेल तरी आधी मांस तपासायचं. दुपारची मोजणी तराफ्याखाली वीस हजारांना टेकली की शेण-खत बंद आणि ओळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला. एक लाखाला टेकली की पाण्यात उतरणं बंद, सांडवा बंद, मेंढपाळांना निरोप.

तात्यांनाही आता त्यांच्या तळ्यात शिंपले सोडायचे आहेत. त्यांना आधी काचेची बाटली दिली आहे. पावसाळाभर दर रविवारी लावायची आणि सकाळी फोटो पाठवायचा. शिंपल्यांचं त्यानंतर बघू.